वाचताना अडणाऱ्या सोबत्याला हात कसा द्यावा?

लेखिका : एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला उपयोगी पडेल असा विषय निवडायला सांगितला. कोणी झाडांवर लिहिले, कोणी किल्ल्यांवर लिहिले. मी वाचनावर लिहीत आहे. कारण आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. येत्या जूनमध्ये आपण सगळे पाचवीला मोठ्या शाळेत जाणार. तिथे प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो. आणि २०२३-२४ या शालेय वर्षापासून आपल्या राज्यात पाचवीला व आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तिच्यात नापास झालेल्या मुलाची पुन्हा एकदा परीक्षा घेतात. त्यातही तो नापास झाला तर त्याच वर्गात बसतो. म्हणून ज्याला वाचताना अडते त्याला आत्ताच हात द्यायला हवा. जून काही लांब नाही.

१) वाचणे म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते, अक्षरे तोंडाने म्हटली म्हणजे वाचले. पण तसे नाही. खालचा उतारा मोठ्याने वाचा.

"एक टिमूक होते. ते रोज दोल्यावर फुसत असे. एकदा टिमकाला गरप लागले."

आता उत्तरे द्या. टिमूक रोज कोठे फुसत असे? उत्तर : दोल्यावर. टिमकाला काय लागले? उत्तर : गरप. दोन्ही उत्तरे बरोबर! पैकीच्या पैकी गुण! पण टिमूक म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मलाही नाही. ते शब्द मीच बनवले आहेत.

काही मुलांना सगळा धडाच असा टिमूक-टिमूक वाटतो. ती धडधड वाचतात, उत्तरही वहीत उतरवतात, पण कळत काहीच नाही. काहींचे याच्या उलट असते. गोष्ट सांगितली तर सगळी कळते, पण पुस्तकातले अक्षर ओळखत नाही. म्हणून वाचनाचे दोन भाग आहेत असे गुरुजी सांगतात. एक, अक्षर ओळखून शब्द म्हणणे. दोन, त्याचा अर्थ समजणे. बैलगाडीला दोन चाके लागतात, तसेच हे आहे. एक चाक निखळले तर गाडी जागची हलत नाही.

आपल्या शाळेच्या भिंतीवर 'वाचाल तर वाचाल' असे लिहिले आहे. दोन्ही शब्द अगदी सारखे. पण पहिल्या 'वाचाल'चा अर्थ पुस्तक वाचाल, आणि दुसऱ्याचा अर्थ संकटातून वाचाल, तरून जाल. आमच्या वर्गातील किती जणांना हे कळले होते ते मी विचारून पाहिले. तिघांनाच कळले होते. पाटी मात्र आम्ही पहिलीपासून वाचतो आहोत.

२) मूल का अडते?

जे मूल अडते त्याला लोक लगेच 'ढ' म्हणतात. पण अडण्याची कारणे वेगवेगळी असतात.

(अ) अक्षरांचे सारखेपण. आपल्या लिपीत काही अक्षरे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प, ब आणि व. एक बारीकशी गाठ किंवा रेघ, पण 'घर'चे 'धर' होते आणि 'भात'चे 'मात' होते.

(आ) वेलांटीची गंमत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि क नंतर. बोलताना मात्र आधी क् आणि मग इ. डोळा एक सांगतो आणि तोंडाला दुसरेच करावे लागते. लहान मूल इथे गोंधळते.

(इ) र ची सोंगे. र हे अक्षर फार खोडकर आहे. 'सूर्य' मध्ये ते डोक्यावर चढते, 'प्रकाश' मध्ये पोटात शिरते, 'राष्ट्र' मध्ये पायाखाली बसते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातील दऱ्या. एवढ्याशा फरकाने समुद्राचा डोंगर होतो.

(ई) घरची बोली. आमचे गाव कल्याण तालुक्यात, खाडीकाठी आहे. आमच्याकडे घरात आगरी बोलतात. आगरीत ण चा न होतो, ळ चा ल होतो आणि ड चा पुष्कळदा र होतो. आम्ही पाणीला पानी, डोळ्याला डोला आणि गाडीला गारी म्हणतो. आता एखाद्याने पुस्तकातील 'गाडी' हा शब्द पाहून 'गारी' असे वाचले, तर ते चूक आहे का? गुरुजी म्हणाले, "त्याला अर्थ कळला म्हणूनच तो गारी म्हणाला. ज्याला कळले नाही, तो ग-आ-ड-ई करत बसला असता. आधी शाबासकी द्या, मग ड दाखवा." मला हे फार पटले. शहापूर, मुरबाडकडे कातकरी आणि ठाकर मुले शिकतात. त्यांच्या घरची बोलीही पुस्तकापेक्षा वेगळी असते. बोली वेगळी म्हणजे बुद्धी कमी असे कधीच नसते.

(उ) शाळा बुडणे. दिवाळीनंतर काही कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्यांच्या मुलांची निम्मी शाळा बुडते. मधली पायरी चुकली की पुढच्या पायरीवर पाय कसा पोचेल?

(ऊ) डोळे आणि कान. फळ्यावरचे अंधुक दिसत असेल किंवा कानाला कमी ऐकू येत असेल, तरी मूल अडते. ते स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांनाच असेच दिसते असे त्याला वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे डॉक्टर शाळेत तपासणीला येतात. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नये.

(ए) डिस्लेक्सिया. हा शब्द अवघड आहे, पण माहीत असावा. काही मुलांची बुद्धी चांगली असते, डोळे-कानही चांगले असतात, शिकवणेही झालेले असते, तरी अक्षर आणि आवाज यांची जोडी त्यांच्या मनात पटकन बसत नाही. हा आळस नाही आणि कोणाचा शापही नाही. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या सिनेमातील मुलाला हेच होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात याला 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असे नाव आहे. म्हणजे अशा मुलाला मदत मिळणे हा त्याचा हक्क आहे. हे आहे की नाही ते आपण ठरवायचे नाही, तज्ज्ञांनी ठरवायचे. पालकांनी गुरुजींना विचारावे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून पुढची वाट कळते.

(ऐ) भीती. हे शेवटचे कारण बाकी सर्वांच्या पोटात असते. एकदा का वर्ग हसला, की मूल पुस्तक उघडायलाच घाबरते. वाचत नाही म्हणून येत नाही, आणि येत नाही म्हणून वाचत नाही. असे हे चक्र फिरत राहते.

३) कोठे अडले ते आधी शोधा

पाय कोठे दुखतो ते न पाहता सगळ्या अंगाला तेल चोळून काय उपयोग? म्हणून आधी अडण्याची जागा शोधायची. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने यासाठी सोपी पद्धत वापरली. २००५ सालापासून 'असर' नावाच्या पाहणीत गावोगावी, घरोघरी जाऊन मुलांचे वाचन असेच पाहिले गेले. त्यात चार पायऱ्या असतात.

पहिली पायरी : अक्षरे. पाच अक्षरांपैकी चार ओळखावीत.
दुसरी पायरी : साधे शब्द. पाच शब्दांपैकी चार वाचावेत.
तिसरी पायरी : पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद.
चौथी पायरी : दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट.

मूल चौथीत आहे म्हणून चौथीचेच पुस्तक हातात द्यायचे नाही. ते ज्या पायरीवर उभे आहे तिथून पुढची एकच पायरी द्यायची. एका उडीत माळ्यावर कोणी चढत नाही.

आपल्या देशात २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. तिसरीच्या मुलाने एका मिनिटाला निदान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे त्यात ठरवले आहे. घड्याळ लावून बघायला मजा येते. पण गुरुजी म्हणतात, "६० हा आकडा लक्षात ठेवा, पण 'अर्थ समजून' हे शब्द त्याहून जास्त लक्षात ठेवा."

४) आम्ही काय केले

आता खरी हकिगत सांगते. माझा एक चुलतभाऊ आहे. तोही चौथीत आहे. हे मी त्याला विचारूनच लिहीत आहे. तो म्हणाला, "नाव नको टाकूस, पण खाडीचं लिही."

त्याची हिशेबात चूक होत नाही. भरती कधी, ओहोटी कधी हे तो आकाशातला चंद्र पाहून सांगतो. निवटे, बोईट, जिताडा, चिंबोरी सगळे त्याला माहीत. पण वाचनाची पाळी आली की तो खाली बघायचा. दिवाळीच्या आधी तो शब्दांच्या पायरीवर होता, आणि जोडाक्षर आले की तिथेच थांबायचा. वाचनाच्या तासाला त्याच्या पोटात दुखू लागे. घरात बोलणे झाले की याचे डोके चालत नाही, पाचवीला कशाला घालायचा, म्हशींमागे राहू दे. हे त्याने ऐकले. मग तोही म्हणू लागला, "माझा डोका नाय चालत."

गुरुजींनी आम्हां दोघांची जोडी लावली. रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटे. आम्ही जे केले ते खाली क्रमाने देते. तुम्हीही करून पाहा.

पहिला उपाय : सोबत्याचेच बोलणे लिहा. गुरुजींनी त्याला सांगितले, "तू निवटा कसा पकडतोस ते सांग." तो सांगू लागला, मी जसेच्या तसे लिहून घेतले :

"भरती गेली का चिखल दिसतो. चिखलात निवट्याचा बिल असतो. बिलाला दोन तोंडा असतात. एका तोंडात हात घातला का निवटा दुसऱ्या तोंडानी पलतो. म्हनून एक तोंड पायानी बंद करायचा."

मग गुरुजी म्हणाले, "आता वाच." त्याने सगळे वाचले. अडखळला फक्त 'दुसऱ्या'ला. कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक होते. शब्द त्याचेच होते. मग शेजारी आम्ही पुस्तकी शब्द लिहिले. बिल – बीळ. पलतो – पळतो. म्हनून – म्हणून. तो बोटाने जोड्या लावू लागला आणि ळ व ण ही दोन अक्षरे त्या दिवशी त्याला कायमची आली. असे आम्ही आतापर्यंत अकरा कागद लिहिले. त्यांचे त्याने पुस्तक शिवले आहे. पालकांना पाहायचे असेल तर ते गुरुजींच्या टेबलावर आहे.

दुसरा उपाय : जोडीने वाचा. दोघांनी एकदमच मोठ्याने वाचायचे. बोट शब्दाखाली सरकत जाते. सोबत्याला वाटले की आता एकट्याने जमेल, तर त्याने माझ्या हातावर टिचकी मारायची. मी गप्प. तो अडला की मनात पाचपर्यंत मोजायचे, लगेच सांगायचे नाही. पाच मोजूनही आले नाही तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढे जायचे. तिथेच रडत बसायचे नाही.

तिसरा उपाय : स्टेशनांच्या पाट्या. आपल्याकडील लोकलच्या स्टेशनांची नावे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्यांतच अवघड अक्षरे लपली आहेत. कल्याण मध्ये ल्य हे जोडाक्षर आहे आणि ण आहे. ठाकुर्ली मध्ये र डोक्यावर बसला आहे. डोंबिवली मध्ये अनुस्वार आणि वेलांटी आहे. टिटवाळा मध्ये ळ आहे. आम्ही जुन्या पुठ्ठ्यांवर पाट्या केल्या आणि वर्गात गाडी गाडी खेळलो. ज्याने पाटी वाचली तो गाडीत चढला. पहिलीची मुलेसुद्धा खेळायला आली.

चौथा उपाय : तीन प्रकारचे प्रश्न. वाचून झाले की अर्थ कळला का ते पाहायचे. 'कळलं का?' असे विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी असे करा. हा उतारा पाहा.

"आई बाजारातून आली. तिचा पदर ओला होता. पण हातातील तांदळाची पिशवी कोरडी होती. आजी म्हणाली, छत्री होती ना गं? आई म्हणाली, होती म्हणून तर."

पहिला प्रश्न उताऱ्यात लिहिलेला : आईचा पदर कसा होता? याचे उत्तर शोधून सापडते.
दुसरा प्रश्न उताऱ्यात लपलेला : आईने छत्री कोणावर धरली होती? हे कोठेच लिहिलेले नाही. डोक्याने शोधावे लागते.
तिसरा प्रश्न आपल्या मनातला : तुम्ही असता तर काय केले असते?

दुसऱ्या प्रश्नाला वर्गात धडधड वाचणारी मुले गप्प बसली. माझा भाऊ म्हणाला, "पिशवीवर. तांदूल भिजला तर काय खानार?" तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिले.

पाचवा उपाय : चित्र काढा. परिच्छेद वाचून मिटायचा आणि त्याचे चित्र काढायचे. चित्रात काय राहिले ते पुन्हा वाचून शोधायचे. ज्याला लिहिता येत नाही तोही यात हुशार निघतो.

सहावा उपाय : अडलेला शब्द घरी न्या. रोज एक नवा शब्द घरी सांगायचा आणि घरच्या बोलीत त्याला काय म्हणतात ते विचारून आणायचे. आमच्या आजीला यात फार गोडी लागली आहे. आता तीच विचारते, "आज कनचा शब्द आनलास?"

आता तो कोठे आहे? प्रजासत्ताक दिनापर्यंत तो परिच्छेदाच्या पायरीवर आला. गोष्टीच्या पायरीवर अजून नाही. जोडाक्षरे आली की अजूनही थांबतो. पण पोटात दुखत नाही. वाचनाच्या तासाला तो वर्गात असतो. शाळा सुटण्यापूर्वी त्याला ती शेवटची पायरी चढायची आहे. ती चढेल की नाही ते आम्हां सर्वांच्या हातात आहे, त्याच्या एकट्याच्या नाही.

५) काय करू नये?

१. हसू नये. कोणी हसले तर त्याला थांबवावे.
२. त्याच्या हातातून पुस्तक ओढून 'आण, मी वाचतो' असे म्हणू नये.
३. 'तुझ्यापेक्षा तुझी धाकटी बहीण बरी' असे बोलू नये. याने बहीण मोठी होत नाही, भाऊ मात्र लहान होतो.
४. एकच शब्द शंभरदा लिहायची शिक्षा देऊ नये. हात दुखतो, शब्द येत नाही.
५. मारू नये. माराने मूल पाठ करते, समजत नाही.

६) आपल्या भागातील थोर उदाहरणे

गुरुजींनी आम्हांला दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही आपल्याच मातीतल्या आहेत.

पहिली गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. गुजरातेत भावनगर येथे त्यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी आणि कोसबाड डहाणू तालुक्यात आहेत. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो तिकडे आहे.

तिथली आदिवासी मुले शाळेत येत नसत. ती गुरे राखायला कुरणात जात. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ताराबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी कुरणातच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. वस्तीच्या अंगणात बालवाडी भरवली, ती अंगणवाडी. महागडी साधने नव्हती. बिया, पाने, शिंपले, खडे हीच साधने. त्यांनीच मुले मोजायला आणि ओळखायला शिकली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली वारल्या. यावरून मी असे शिकले की मूल गुरांमागे असले तरी त्याचे शिकणे संपत नाही. शिकवणाऱ्याने तिथवर चालत जायला हवे.

दुसरी गोष्ट मुरबाड तालुक्यातील फांगणे गावची. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाला, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती गावकऱ्यांच्या आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने काढली. साठीच्या पुढच्या आजी गुलाबी नऊवारी लुगड्याचा गणवेश घालून, दप्तर-पाटी घेऊन शाळेत आल्या. लहानपणी त्यांना कोणी शाळेत घातले नव्हते. अंगठा उठवणाऱ्या आजी स्वतःची सही करू लागल्या. साठ-सत्तर वर्षांच्या आजीचे डोके चालते, तर दहा वर्षांच्या मुलाचे का चालणार नाही? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते.

७) पालकांना विनंती

आमचे गुरुजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकवतात. पण घरी रोज पंधरा मिनिटे मिळाली तर फार फरक पडेल. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. पुढील गोष्टी कोणालाही करता येतात.

१. मुलाला रोज मोठ्याने वाचायला सांगा आणि जवळ बसून ऐका. हातातला भाजीचा निवडा चालू ठेवला तरी चालेल, पण मोबाईल बाजूला ठेवा.
२. वाचून झाल्यावर म्हणा, "आता मला तुझ्या शब्दांत सांग." सांगता आले तर कळले.
३. आजी-आजोबांनी गोष्टी सांगाव्यात. ज्याच्या कानात पुष्कळ शब्द गेले, त्याला पुस्तकात ते भेटले की ओळख पटते.
४. पिशवीवरचे, औषधाच्या बाटलीवरचे, लग्नपत्रिकेवरचे वाचून घ्या. बाटलीवरची तारीख मुलाने वाचली तर घराचाही फायदा.
५. कल्याणला बाजाराला गेलात तर एकदा मुलाला सार्वजनिक वाचनालय दाखवा. ते १८६४ सालापासून आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आहे. एवढी पुस्तके एका जागी पाहिली की वाचावेसे वाटते.
६. मुलाला अक्षरे उलटसुलट दिसतात, डोके दुखते, पुस्तक नाकाशी धरतो, असे काही दिसले तर गुरुजींना सांगा. लपवू नका.
७. आणि ही सर्वांत मोठी विनंती. 'याचे डोके चालत नाही' हे वाक्य मुलासमोर बोलू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पाचवीला नाव घालताना कोणाचेही मूल मागे ठेवू नका. म्हशी संध्याकाळीही चरतात.

शब्दार्थ

कुरण – गुरे चरण्याची गवताची जागा.
परिच्छेद – एकत्र लिहिलेली काही वाक्ये.
रफार – अक्षराच्या डोक्यावरचा र.
निवटा – खाडीच्या चिखलात बिळात राहणारा मासा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा. (अ) कुरणशाळा कोणासाठी होती? (आ) आजीबाईंची शाळा कोणत्या गावी सुरू झाली?
२. कारण द्या. 'गाडी'ला 'गारी' वाचणाऱ्या मुलाला आधी शाबासकी का द्यावी?
३. र च्या चार वेगवेगळ्या रूपांचे दोन-दोन शब्द लिहा.
४. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द वाक्यात वापरा.
५. उपक्रम : वर्गातील एका सोबत्याबरोबर सोमवारपासून जोडी लावा. त्याला जे सर्वांत चांगले येते ते त्याच्या तोंडून ऐका, लिहून घ्या आणि त्यालाच वाचायला द्या. तो कागद या भित्तिपत्रकाखाली टांगलेल्या पिशवीत टाका. पुढच्या महिन्याचे भित्तिपत्रक त्याच कागदांचे होणार आहे.